ब्रिटनचा जोडीदार व्हिसा: अर्जाच्या तारखेपासून उलटं मोजायला शिका

लग्न होतं, दोन-तीन आठवड्यांची रजा संपते आणि नवरा किंवा बायको विमानात बसून परत जाते. मागे राहिलेल्या माणसाला घरातले, शेजारचे, भाजीवाल्या मावशीसुद्धा विचारतात, ‘मग, तू कधी जाणार?’ या प्रश्नाला उत्तर नसतं तेव्हा फार एकटं वाटतं, हे मी स्वतः अनुभवलंय. माझे मिस्टर लेस्टरला आणि मी सांगलीला असे आम्ही बरेच महिने काढले. अर्ज आम्ही दोघांनीच भरला, एजंटशिवाय. त्या काळात मला मराठीतून कुणी नीट सांगायला हवं होतं, म्हणून हा लेख.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. तुमची मुलाखत बहुधा होणार नाही. निर्णय घेणारा अधिकारी तुम्हाला कधी भेटणार नाही, तुमचा चेहरा बघून त्याला काही कळणार नाही. त्याच्यासमोर फक्त कागद असतील आणि त्या कागदांवरच्या तारखा. अर्ज फसतात ते बहुतेक वेळा नातं खोटं असतं म्हणून नव्हे. एखादी तारीख चुकलेली असते, एखादं पत्र अपुरं असतं. म्हणून अर्ज ज्या दिवशी ऑनलाइन सादर करायचा तो दिवस आधी ठरवायचा आणि तिथून मागे मोजत यायचं.

तुमचा व्हिसा नक्की कोणता?

‘स्पाउस व्हिसा’ हा शब्द आपल्याकडे सरसकट वापरतात, पण ब्रिटनमध्ये दोन वेगळे रस्ते आहेत. जोडीदार ब्रिटिश नागरिक असेल किंवा त्याला तिथे कायम राहण्याची परवानगी, म्हणजे आयएलआर, मिळालेली असेल तर तुमचा अर्ज कुटुंब व्हिसाचा. हा लेख त्याबद्दल आहे.

जोडीदार स्किल्ड वर्कर व्हिसावर नोकरी करत असेल तर तुम्ही त्याचे ‘डिपेंडंट’. त्या अर्जात खाली सांगितलेली उत्पन्नाची मोठी अट नाही. जोडीदारासाठी २८५ पौंड २८ दिवस खात्यात दाखवावे लागतात, किंवा कंपनी पहिल्या महिन्याच्या खर्चाची हमी देते. मात्र केअर वर्कर म्हणून ११ मार्च २०२४ नंतर या मार्गावर आलेल्यांना कुटुंब आणता येत नाही. विद्यार्थ्यांच्या बाबतीत १ जानेवारी २०२४ पासून सुरू झालेल्या अभ्यासक्रमांसाठी ही सोय जवळजवळ फक्त संशोधन करणाऱ्यांपुरती उरली आहे. लग्न ठरवतानाच समोरच्या माणसाचा व्हिसा कोणता ते स्पष्ट विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणखी एक सापळा. ‘आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून घे’ असं सांगणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. व्हिजिटर व्हिसावर असताना ब्रिटनमधूनच जोडीदार व्हिसात बदल करता येत नाही. अर्ज भारतातूनच करावा लागतो.

लग्नाची नोंद: हॉलची पावती म्हणजे लग्नाचा दाखला नव्हे

मंगलाक्षता पडल्या की आपल्या दृष्टीने लग्न झालं. अधिकाऱ्याच्या दृष्टीने ते दाखला हातात आल्यावर होतं. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा १९९८ चा कायदा आहे. शहरात महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात आणि गावात ग्रामसेवकाकडे नोंद होते. नमुना ‘ड’ मधला अर्ज भरायचा, त्यावर तीन साक्षीदारांच्या आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींच्या सह्या घ्यायच्या आणि दोघांनी समक्ष जायचं. मिळतो तो नमुना ‘ई’ मधला दाखला. लग्नानंतर ९० दिवसांच्या आत नोंद करायची असते. उशीर झाला तर दंड भरून होते, पण नवरा परत गेला असेल तर दोघांनी एकत्र हजर राहायचं कसं, हा खरा प्रश्न उरतो.

म्हणून माझं स्पष्ट मत: रजेच्या दिवसांत सत्यनारायण आणि देवदर्शन यांच्या आधी नोंदणीची तारीख ठेवा. गुरुजींची सही लग्नाच्या दिवशीच घेऊन ठेवा, नंतर ते लग्नसराईत सापडत नाहीत. साक्षीदार म्हणून गावातलेच, लगेच येऊ शकणारे लोक धरा.

नोंदणी पद्धतीने लग्न करायचं असेल, म्हणजे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली, तर दोन वेगळे हिशोब आहेत. नोटीस देण्याआधी दोघांपैकी एकाने तरी त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेलं असलं पाहिजे. नोटिशीनंतर पुन्हा ३० दिवस थांबावं लागतं आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न उरकावं लागतं. परदेशातून तीन आठवड्यांसाठी येणाऱ्याला हे रजेत बसत नाही. त्याने त्याआधीच्या फेरीतच नोटिशीची सोय करावी. गोव्यात तर नागरी नोंदणीचीच जुनी पद्धत आहे. तिथे निबंधकासमोर आधी इच्छा नोंदवायची आणि काही दिवसांनी पुन्हा जाऊन सही करायची असते. गोव्याकडच्यांनी दुसरी सही झाल्याशिवाय परतीचं तिकीट काढू नये.

महाराष्ट्रातला दाखला बहुधा मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असतो. फक्त मराठीत असेल, किंवा जुना घटस्फोटाचा हुकूमनामा मराठीत असेल, तर इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. भाषांतरकाराने भाषांतर अचूक असल्याचं लिहून, तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्काचा पत्ता दिला पाहिजे. आधीचं लग्न मोडलं असेल किंवा जोडीदार वारला असेल तर तो कागद हवाच, मग ती घटना कितीही जुनी असो.

नावाचा घोळ

हा भाग परदेशी मार्गदर्शकांत कधी येत नाही आणि आपल्याकडे मात्र हमखास छळतो. आपल्याकडे मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. लग्नानंतर मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव सासरचं. काही घरांत ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नावसुद्धा लिहितात. मग पदवी माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं, पासपोर्ट अर्धवट बदललेला आणि बँकेत चौथंच काहीतरी, अशी अवस्था होते.

ब्रिटिश कायद्याला तुम्ही नाव बदलण्याशी काही देणंघेणं नाही. माहेरचं नाव ठेवलं तरी अर्जाला बाधा येत नाही. माझा सल्ला असा की व्हिसा हातात येईपर्यंत पासपोर्टवरचं नाव बदलू नका. इंग्रजीची परीक्षा, टीबीची चाचणी, विवाह दाखला आणि अर्ज या चारही गोष्टी पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळू द्यात. नाव आधीच बदललं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी किंवा विवाह दाखला जोडा, आणि अर्जात ‘पूर्वीची नावं’ विचारतात तिथे सगळी लिहा.

अर्जात आई-वडिलांच्या जन्मतारखाही विचारतात. आपल्याकडे मागच्या पिढीतल्या अनेकांची तारीख मास्तरांनी शाळेत १ जून लिहून टाकलेली आहे. घरी खरी तारीख वेगळी सांगतात. अर्जात त्यांच्या ओळखपत्रावर आहे तीच घाला आणि पुढच्या प्रत्येक अर्जात तीच ठेवा.

उत्पन्न: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जदारांसाठी जोडीदाराचं वार्षिक उत्पन्न किमान २९,००० पौंड लागतं. त्याआधी २०१२ पासून ते १८,६०० होतं, म्हणून जुने लोक तोच आकडा सांगतात. त्यांचं ऐकू नका. मुलं सोबत असली तरी नव्या नियमात त्यासाठी वेगळी भर नाही.

हे उत्पन्न कुणाचं? नोकरीचं उत्पन्न फक्त तिकडच्या जोडीदाराचं आणि तेही ब्रिटनमधल्या नोकरीचं. तुम्ही पुण्यात आयटीमध्ये वर्षाला तीस लाख कमावत असाल तरी पहिल्या अर्जात तो पगार शून्य धरला जातो. हे ऐकून अनेक मुली रडकुंडीला येतात, मीही आले होते. पण नियम तसा आहे.

साधा आणि सुरक्षित मार्ग असा: जोडीदार एकाच मालकाकडे सहा महिने सलग नोकरीत असावा आणि त्या सहाही महिन्यांत पगार २९,००० च्या दराने असावा. महिन्याला करपूर्व सुमारे २,४१७ पौंड. मेख अशी की ठराविक पगाराच्या नोकरीत त्या सहा महिन्यांतली सगळ्यात कमी पातळी धरतात. पाच महिने पगार जास्त आणि उरलेल्या एका महिन्यात कमी, असं असेल तर कमीचाच हिशोब होतो. पगारवाढ मार्चमध्ये झाली असेल तर अर्ज सप्टेंबरच्या आधी करू नका. थांबणं जीव घेतं, पण थांबा.

नोकरी नुकतीच बदलली असेल तर दुसरा मार्ग आहे. आजचा पगार २९,००० च्या वर आणि मागच्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष मिळालेली एकूण रक्कमही २९,००० च्या वर, अशा दोन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. कागद दुप्पट लागतात. ज्यांना जमेल त्यांनी सहा महिने पूर्ण होऊ द्यावेत.

कागद तीन प्रकारचे. सहा महिन्यांच्या पगारपत्रिका. तेवढ्याच काळाचं बँक स्टेटमेंट, ज्यात प्रत्येक पगारपत्रिकेवरची निव्वळ रक्कम पैशापर्यंत जुळून जमा झालेली दिसली पाहिजे. आणि मालकाचं पत्र. या पत्रात चार गोष्टी हव्यात: नोकरीत असल्याचं आणि वार्षिक पगार किती हे, किती काळापासून नोकरीत आहे, सध्याचा पगार किती काळापासून मिळतो, आणि नोकरी कायम आहे की मुदतीची की एजन्सीमार्फत.

आमचं घोडं नेमकं इथेच अडलं. मिस्टरांच्या कंपनीने दोन ओळींचं पत्र दिलं. त्यात नोकरी कायम असल्याचा उल्लेख नव्हता आणि सध्याचा पगार कधीपासून तेही नव्हतं. सुधारून मिळायला बारा दिवस गेले. तेवढ्यात बँकेचं स्टेटमेंट जुनं झालं. नियम असा आहे की शेवटची पगारपत्रिका आणि शेवटचं स्टेटमेंट अर्जाच्या तारखेआधी २८ दिवसांपेक्षा जुनं असता कामा नये. मग नवी पगारपत्रिका येईपर्यंत थांबून सगळं पुन्हा जमवलं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, पत्राचा मसुदा तुम्हीच तयार करून मनुष्यबळ विभागाला द्या. त्यांना राग येत नाही, उलट त्यांचं काम हलकं होतं.

पगार पुरत नसेल तर? बचत दाखवता येते. पहिले १६,००० पौंड मोजले जात नाहीत. त्यावरची रक्कम अडीचने भागून जो आकडा येतो तो उत्पन्नात धरतात. उदाहरण घ्या: पगार २५,००० असेल तर कमी पडतात ४,०००. त्याची अडीचपट १०,०००, अधिक १६,०००, म्हणजे २६,००० पौंडांची बचत हवी. पगार अजिबात नसेल तर हाच हिशोब ८८,५०० पौंडांवर जातो. ही रक्कम सहा महिने सतत तुमच्या, जोडीदाराच्या किंवा दोघांच्या नावावर असली पाहिजे.

इथे आपल्याकडच्या घरांना काही बारकावे कळले पाहिजेत. बचत भारतातल्या बँकेत रुपयांत असली तरी चालते. वेळेआधी मोडता येणारी एफडीही चालते, मोडल्यावर दंड बसला तरी. वडिलांनी किंवा सासऱ्यांनी दिलेली रक्कम चालते, पण ती दिलेली हवी, उसनी नको. ती सहा महिने तुमच्या खात्यात असावी आणि कुठून आली ते पत्राने सांगावं. सोनं, जमीन, फ्लॅट यांची किंमत बचत म्हणून धरत नाहीत. गावाकडे पुष्कळ पैसा पतसंस्थेत असतो. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखाली येत नाहीत, तेव्हा तिथली ठेव दाखवून धोका पत्करू नका. सहा महिने आधीच ती बँकेत आणा.

आणि एक गोष्ट जी फार थोड्यांना माहीत असते: तुमचा पगार धरत नसले तरी तुमच्या मालकीच्या घराचं भाडं धरतात, मग ते घर ठाण्यात असो वा नाशकात. दोघांपैकी कुणाचंही असलं तरी चालतं, फक्त तुम्ही स्वतः त्यात राहत नसावं. मालकीचा कागद, नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स करार आणि बारा महिने भाडं जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट लागतं. आपले करार अकरा महिन्यांचे असतात, म्हणून बारा महिने दाखवायला आधीचा करारही जोडा. भाडं रोखीने घेत असाल तर आजपासून बँकेत घ्यायला सुरुवात करा.

जोडीदाराला अपंगत्वाचे किंवा काळजीवाहकाचे काही ठरावीक सरकारी भत्ते मिळत असतील तर २९,००० ची अट लागू होत नाही, वेगळा सौम्य निकष लागतो. स्वतःचा व्यवसाय असेल तर मात्र कागद पूर्ण आर्थिक वर्षाचे लागतात. तिथे जाणकाराची मदत घेण्यात शहाणपण आहे.

राहायची जागा

स्वतःचं घर लागत नाही. सासू-सासऱ्यांबरोबर राहणार असाल किंवा मित्रांबरोबरच्या घरात तुमची एक खोली वेगळी असेल तरी चालतं. दाटी होता कामा नये. हॉल आणि बेडरूम दोन्ही मोजतात: दोन खोल्यांत तीन माणसं, तीन खोल्यांत पाच. एक वर्षाखालचं बाळ मोजत नाहीत, दहा वर्षांखालचं मूल अर्धं धरतात. भाडेकरार आणि घरमालकाचं ‘बायको आली तर हरकत नाही’ असं पत्र जोडा. घर नातेवाइकाचं असेल तर त्यांच्या मालकीचा पुरावाही.

इंग्रजी आणि टीबी

पहिल्या अर्जाला इंग्रजीची पातळी फक्त ए-१, म्हणजे अगदी प्राथमिक, लागते, तीही बोलणं आणि ऐकणं एवढीच. आयईएलटीएस लाइफ स्किल्स ही त्यासाठीची परीक्षा. दोन उमेदवार आणि एक परीक्षक समोरासमोर बसून घर, कुटुंब, खरेदी अशा विषयांवर बोलतात. मराठी माध्यमात शिकलेल्यांनी अजिबात घाबरू नये. माझी जाऊ सातवीपर्यंत झेडपीच्या शाळेत होती, पहिल्या फेरीत पास झाली. घरात रोज पंधरा मिनिटं मोठ्याने इंग्रजी बोलायचा सराव केला, एवढंच. परीक्षा ब्रिटिश सरकारच्या मान्य यादीतलीच हवी. नोकरीसाठी दिलेली साधी आयईएलटीएस चालत नाही.

इंग्रजी बरं असेल तर ए-१ ऐवजी थेट दोन पायऱ्या वरची बी-१ द्या. पुढे मुदतवाढीला ए-२ आणि कायम वास्तव्याला बी-१ लागतं. एकदा मान्य झालेली बी-१ पुढेही वापरता येते, त्यामुळे तिथे पुन्हा परीक्षेला बसावं लागत नाही.

इंग्रजी माध्यमातली पदवी असेल तर परीक्षेतून सूट मिळते, पण विद्यापीठाचं प्रमाणपत्र नुसतं जोडून भागत नाही. एक्टिस नावाच्या संस्थेकडून ती पदवी ब्रिटिश पदवीच्या तोडीची आहे आणि इंग्रजीतून झाली आहे असं लेखी घ्यावं लागतं. तुमचा कॉलेजमधला वर्ग कितीही चांगला असो, निकाल एक्टिसचाच. घाईत असलेल्यांना परीक्षा सोपी पडते असं माझं मत.

टीबीची चाचणी ब्रिटिश सरकारने नेमलेल्या दवाखान्यातच होते, घराजवळच्या लॅबचा एक्स-रे चालत नाही. मुंबईत सोय आहे. अपॉइंटमेंट घेऊन पासपोर्ट सोबत न्या. छातीचा एक्स-रे काढतात, शंका आली तर थुंकी तपासतात, आणि त्याचा निकाल यायला आठवडे लागतात. गर्भवती असाल तर आधी सांगा, एक्स-रेऐवजी थुंकीची तपासणी मागता येते. प्रमाणपत्र सहा महिने चालतं, म्हणून ते फार लवकर काढू नका.

नातं खरं आहे हे कसं दाखवायचं

ठरवून केलेल्या लग्नाबद्दल अनेकांच्या मनात भीती असते, की गोरा अधिकारी हे समजून घेईल का. ठरवून केलेलं लग्न हे नकाराचं कारण नाही. दोघं प्रत्यक्ष भेटलेले असावेत, दोघंही अठरा वर्षांवरचे असावेत आणि नातं खरं, चालू असावं, एवढंच नियम म्हणतो.

दोघांनी एकेक पत्र लिहा, साध्या भाषेत. स्थळ कुणी आणलं, कांदेपोह्यांचा कार्यक्रम कधी झाला, पहिल्यांदा एकटे कुठे बोललात, होकार कुणी आधी दिला, साखरपुडा कुठे, लग्न कुठे, नंतर किती दिवस एकत्र होतात, आता रोज किती वाजता बोलता. तिकडे दुपार असते तेव्हा इकडे रात्र, ते कसं जमवता हेसुद्धा लिहा. खऱ्या नात्यात असे तपशील आपोआप येतात.

फोटो पंधरा-वीस पुरे. केळवण, हळद, लग्न, त्यानंतरचा एखादा साधा दिवस, आणि प्रत्येकाखाली तारीख, जागा, कोण कोण आहे ते. दोन्ही घरची माणसं दिसली पाहिजेत. लग्नपत्रिका, हॉलची पावती, विमानाची तिकिटं, एकत्र राहिलेल्या हॉटेलचं बिल ठेवा. व्हॉट्सॲपवरच्या गप्पा सगळ्या छापू नका. दर महिन्याचं एखाद-दुसरं पान आणि कॉलची यादी पुरते. खाजगी बोलणं अनोळखी माणसाने वाचावं असं कुणाला वाटतं? निवडायचा हक्क तुमचा आहे.

वयात मोठं अंतर असेल, आधीची लग्नं असतील, भेटल्यावर महिनाभरात लग्न झालं असेल, तर ते पत्रात आपण होऊन सांगा. कुठल्याही देशाचा व्हिसा पूर्वी नाकारला असेल तर तोही सांगा. नकार लपवला आणि तो सापडला तर फसवणूक धरतात आणि दहा वर्षांची बंदी येऊ शकते. जुना नकार स्वतः तितका घातक नसतो.

तारखा मांडा

आता कॅलेंडर घ्या, भिंतीवरचं असेल तर उत्तम. अर्जाची तारीख पक्की करा, समजा १० नोव्हेंबर. त्याआधी २८ दिवस म्हणजे १३ ऑक्टोबर. शेवटची पगारपत्रिका, शेवटचं स्टेटमेंट आणि मालकाचं पत्र या चार आठवड्यांच्या आतलं हवं. बचत दाखवणार असाल तर ती मेच्या सुरुवातीपासून खात्यात हवी. टीबीची चाचणी ऑगस्टमध्ये, म्हणजे थुंकी तपासायची वेळ आली तरी हातात दिवस राहतात. इंग्रजीची परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये उरका, निकाल दोन वर्षं चालतो. विवाह दाखला तर त्याच्याही कितीतरी आधी.

ही मांडणी दोघांनी एकाच फोन कॉलवर बसून करा. आमच्यातली अर्धी भांडणं ‘मला वाटलं तू मागितलंस’ यावरून झाली होती.

अर्ज, पैसे, व्हीएफएस

अर्ज ब्रिटिश सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर भरायचा. दहा वर्षांतला परदेश प्रवास, जुने पत्ते, जोडीदाराचा सगळा तपशील विचारतात. एका बैठकीत भरू नका, साठवून ठेवता येतो.

अर्जाची फी एप्रिल २०२५ मध्ये १,९३८ पौंड झाली होती. मी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये केला तेव्हा १,८४६ होती. फी बहुधा एप्रिलमध्ये वाढते, म्हणून मार्चअखेरीला तयार असाल तर ताटकळू नका. यावर आरोग्य अधिभार, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरण्यासाठीची रक्कम: वर्षाला १,०३५ पौंड. पहिला व्हिसा ३३ महिन्यांचा, आणि वर्षाचा उरलेला तुकडा सहा महिन्यांहून मोठा असेल तर पूर्ण वर्ष धरतात, म्हणून तीन वर्षांचे ३,१०५. दोन्ही मिळून, २०२५ च्या फीने, ५,०४३ पौंड होत. सगळे एका बैठकीत भरायचे असतात. भारतीय कार्डाची परदेशी व्यवहाराची मर्यादा आधी वाढवून घ्या, किंवा जोडीदाराने आपल्या कार्डाने भरावं, तेही चालतं. नकार आला तर अधिभार परत मिळतो. बोटांचे ठसे दिल्यानंतर अर्जाची फी परत मिळत नाही.

पैसे भरल्यावर व्हीएफएसच्या, म्हणजे ब्रिटिश सरकारसाठी कागद आणि बोटांचे ठसे गोळा करणाऱ्या कंपनीच्या, संकेतस्थळावर जाऊन कागद अपलोड करायचे आणि अपॉइंटमेंट घ्यायची. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे केंद्रं आहेत. फायलींना नीट इंग्रजी नावं द्या: पगारपत्रिका एकत्र, बँक एकत्र, नात्याचे पुरावे एकत्र. वर एक अनुक्रमणिकेचं पान ठेवा.

ठसे द्यायला जाताना बोटांवर मेंदी नको. हे लिहायला साधं वाटतं, पण नव्या नवरीच्या हाताला मेंदी असतेच आणि बोटांची टोकं रंगली की ठसे नीट उमटत नाहीत. बहिणीचं किंवा नणंदेचं लग्न जवळ असेल तर अपॉइंटमेंट आधी घ्या, नाहीतर बोटांची टोकं कोरी ठेवा.

तिथले कर्मचारी निर्णय घेत नाहीत. ते फक्त कागद आणि ठसे पुढे पाठवतात. त्यांनी ‘हे लागत नाही’ म्हटलं तरी तुम्हाला हवा तो कागद जोडा.

वाट पाहणं, आणि नकार आला तर

निर्णयाला काही महिने लागू शकतात. जादा पैसे भरून प्राधान्य सेवा मिळते, ती असेल त्या दिवसांत घ्यायची की नाही हे खिशावर आहे. मधल्या काळात नोकरीचा राजीनामा देऊ नका, विमानाचं तिकीट काढू नका. घरच्यांना एकदाच सांगून ठेवा की निर्णय आला की मीच कळवीन. रोजच्या विचारण्याने माणूस खचतो.

नकार आला तर पत्रात कारण लिहिलेलं असतं. ते शांतपणे, दोनदा वाचा. कुटुंब व्हिसाच्या नकाराविरुद्ध न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं आणि परदेशातून त्याला २८ दिवसांची मुदत असते. कारण फक्त एखाद्या राहिलेल्या कागदाचं असेल तर नवा अर्ज बहुधा लवकर मार्गी लागतो, पैसे मात्र पुन्हा जातात. कारण नात्यावर शंका घेणारं असेल तर वकील गाठा. ब्रिटनमध्ये इमिग्रेशनचा सल्ला देणाऱ्याला नोंदणी लागते. जोडीदाराने तिथला नोंदणीकृत सल्लागार किंवा वकील शोधावा. ‘शंभर टक्के व्हिसा करून देतो’ म्हणणाऱ्या कुणालाही कागद देऊ नका, मग तो ओळखीतला का असेना.

पोचल्यावर

पूर्वी मिळायचं ते प्लॅस्टिकचं कार्ड आता मिळत नाही. तुमचा दर्जा ऑनलाइन ई-व्हिसात असतो. त्याचं खातं उघडा, त्याला पासपोर्ट जोडा आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवा, नवऱ्याकडे नव्हे. या व्हिसावर तुम्हाला कुठलीही नोकरी करता येते, व्यवसायही करता येतो. सरकारी भत्ते मात्र घेता येत नाहीत. नॅशनल इन्शुरन्स नंबरसाठी, म्हणजे नोकरी आणि करासाठी लागणाऱ्या क्रमांकासाठी, अर्ज करा आणि पहिल्याच आठवड्यात जवळच्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा. अधिभार भरलाय, तो तुमचा हक्क आहे. लंडनच्या आसपास असाल तर डॉलिस हिलला १९३२ पासूनचं महाराष्ट्र मंडळ आहे. मराठी बोलणाऱ्या बायका तिथे भेटतात आणि पहिल्या हिवाळ्यात त्याची फार गरज असते.

अडीच वर्षांनी मुदतवाढ करायची आहे आणि तेव्हा दोघं एका घरात राहत होता हे दाखवायला दोघांच्या नावाने त्याच पत्त्यावर आलेली पत्रं लागतात, वेगवेगळ्या ठिकाणांहून, सगळ्या काळात विखुरलेली. म्हणून कौन्सिल टॅक्स (तिथली घरपट्टी), वीज, भाडेकरार यांवर आल्याबरोबर स्वतःचं नाव घालून घ्या. माझ्या नावाने लेस्टरच्या घरी आलेलं पहिलं पत्र जीपीच्या दवाखान्याचं होतं, नोंदणी झाल्याचं. ते पाकिटासकट एका निळ्या फायलीत ठेवलं. ती फाईल आता बरीच जाड झाली आहे.